तीन पांढरे शर्ट

दर रविवारी सकाळी मी टावर चौकात पोहे खात उभा असतो, तेव्हा एक बाई तीन मुलांना स्कूटरवर घेऊन चर्चला जाते. धाकटा पुढे उभा, दोघे मागे. तिघांचे शर्ट पांढरेशुभ्र, केस तेल लावून चापून बसवलेले. तिचं नाव मला ठाऊक नाही.

परवा स्कूटर माझ्याजवळच थांबली. मधल्याने जिलेबीचे हात थोरल्याच्या पाठीला पुसले होते. तिने थोरल्याचा शर्ट काढला आणि उलटा करून घातला.

"आई, पाठीला चिकटतंय!"

"चिकटू दे. चर्चमध्ये हलणार नाहीस."

मी हसून विचारलं, "प्रार्थनेला तरी गप्प बसतात का?"

"कुठलं हो काका! सगळे डोळे मिटतात, मी एक उघडा ठेवते."

"देवाला चालतं?"

"त्याला एकच मुलगा होता," स्कूटर सुरू करत ती म्हणाली, "तीन असते तर त्यालाही समजलं असतं."

स्कूटर निघाली. मधल्याने लगेच थोरल्याचा कान ओढला. ती मागे न बघताच ओरडली, "सब दिख रहा है मुझे!"

मागचे दोघे ताठ झाले. पुढच्या धाकट्याने काहीच केलं नव्हतं, पण त्यानेही घाईघाईने हात जोडले.