राणीच्या घोड्याचा घेर

कुंभकोणमच्या विजयलक्ष्मीबाईंचं माप तीस वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं, आणि हे सांगायला त्यांना स्वतः तोंड उघडावं लागत नसे. गल्लीतल्या बायकाच सांगत. ब्लाउज असो की परकर, बाईंचा नेम एकच. अंगावर चढवून पाहिल्याशिवाय शिवलेलं घराबाहेर जायचं नाही. या नेमापायीच पुढचा सगळा घोटाळा झाला.

त्याच गल्लीतल्या व्यंकोजींचा पोय्क्काल कुदिरैचा मेळ होता. म्हणजे पायांना हातभर उंच लाकडी पाय बांधायचे, कमरेभोवती खोटा घोडा अडकवायचा आणि ढोलाच्या तालावर मिरवणुकीपुढे नाचायचं. राजा स्वतः व्यंकोजी, राणी त्यांचा पुतण्या गिरीश. बिचाऱ्याला राणी होऊन दहा वर्षं झाली होती आणि मिशी ठेवायची हौसही तेवढीच जुनी झाली होती. तिरुनागेश्वरमचा उत्सव पंधरा दिवसांवर आला, आणि राणीच्या घोड्याचा, नाचणाऱ्याचे पाय झाकणारा रेशमी घेर उंदरांनी कुरतडलेला निघाला. व्यंकोजी घोडा आणि लाकडी पाय बाईंच्या ओसरीवर ठेवून गेले. गिरीश आडुतुरैला भाताच्या गिरणीत कामाला, तो थेट उत्सवाच्या दिवशी येणार.

मग घेर घालून दाखवणार कोण? नेम तर मोडायचा नाही. बाईंनी दार लोटलं, पदर खोचला, लाकडी पाय स्वतःच्याच पायांना दोरीनं आवळले आणि खिडकीचा गज धरून उभ्या राहिल्या.

बावन्न वर्षांत त्यांनी आपलं घर इतक्या उंचावरून पाहिलं नव्हतं. कपाटावर चार वर्षांपूर्वी हरवलेली कात्री दिसली. कोळ्याचं जाळं दिसलं, त्याची मात्र लाज वाटली. त्यांनी गज सोडला, एक पाऊल टाकलं, खट्. दुसरं टाकलं, खट्. आणि त्यांना हसू फुटलं ते थांबेचना. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या अंगाला बसेल ते शिवलं, आणि आपल्या अंगाला बसणारं हे काय सापडलं!

त्या दिवसापासून रोज दुपारी परसात माप घेणं सुरू झालं. माप काही केल्या संपेना. पाचव्या दिवशी त्या गिरकी घेऊ लागल्या, आठव्या दिवशी घोडा दोन पायांवर उभा राहू लागला. दहाव्या दिवशी त्यांचे यजमान सुंदरराव वाचनालयातून लवकर परतले, तर विहिरीला प्रदक्षिणा घालत घोडा आणि घोड्यावर बायको. साठी बुद्धी नाठी म्हणतात, हिची बावन्नालाच नाठी झाली, असं ते म्हणाले, आणि हाडं मोडली तर जोडणार कोण, असंही विचारलं. मापच घेते आहे, असं बाई खाली मानेनं म्हणाल्या. मला मिरवणुकीत नाचायचं आहे, एवढं एक वाक्य काही ओठांबाहेर पडेना. नाचणं मात्र त्यांना इतकं हवं होतं, की रात्री निजल्या निजल्याही टाचा ताल धरत.

उत्सवाच्या दिवशी तिरुनागेश्वरमच्या देवळाभोवतीच्या चार वीथींत, म्हणजे रस्त्यांत, ढोल घुमू लागले. उंचापुऱ्या गिरीशनं पाय बांधले, घोडा चढवला आणि घेर सोडला. घेर वीतभर आखूड! दोऱ्या, पोटऱ्या, खरे पाय, सगळं गुपित उघड्यावर. व्यंकोजींनी कपाळाला हात लावला. विजयलक्ष्मीबाईंचं माप चुकलं, यावर कुणाचा विश्वास बसेना.

सुंदररावांनी एकदा घेराकडे पाहिलं, एकदा बायकोकडे.

“माप कोणाचें घेतलेंस गे?”

बाईंनी या खेपेला मान वर केली. “माझें.”

पहिला हसला गिरीश. त्याचा हात आपसूक वरच्या ओठावर गेला. सुंठीवाचून खोकला जात होता. त्यानं भराभर दोऱ्या सोडल्या.

व्यंकोजी चाचरत म्हणाले, “अक्का, येईल तुम्हांला?”

बाई पाय बांधायला बसल्या होत्या.

आणि काय नाचल्या! पूर्वेची वीथी, दक्षिणेची वीथी, राणीचा घोडा राजाच्या पुढे. व्यंकोजींना धाप लागली, बाईंना नाही. पोरीबाळी मोबाइल उंचावून मागे धावत होत्या, आणि सुंदरराव पाण्याची बाटली घेऊन कडेकडेनं पळत, दिसेल त्याला ती आपली बायको असल्याचं सांगत होते. तमिळमध्ये सांगत, आणि आनंदाच्या भरात घरच्या मराठीतही.

कोपऱ्यावर मेळ थांबला. बाई एका ओट्यावर टेकल्या. पोटऱ्यांवर दोऱ्यांचे लाल वळ उठले होते. सुंदरराव पायाशी बसले आणि गाठ सोडू लागले.

“तीस वर्सांत पहिलें माप चुकलें तुझें,” ते हळूच म्हणाले.

ढोल पुन्हा सुरू झाले होते.

“चुकलें नाहीं,” बाई म्हणाल्या. “आणि सोडूं नका, घट्ट बांधा. पश्चिमेची वीथी अजून राहिली.”