काकांच्या कारखान्यातल्या बायका

पेणला आमच्या घराला लागूनच गणपतीचा कारखाना होता. मालकांना सगळी आळी काका म्हणायची, म्हणून मीही म्हणायची. वडील गेल्यावर आई तिथं रंगकामाला लागली, आणि शाळा सुटली की मी दप्तरासकट तिच्याजवळ जाऊन बसायची. पीतांबराला रंगाचा पहिला हात कसा द्यायचा, सोंडेवरची नक्षी कुठून उचलायची, हे मला काकांनी शिकवलं. पुढं कॉलेजात नाव घालायलाही तेच बरोबर आले होते.

कारखान्यातल्या बायका रोजंदारीवर होत्या. गणपती झाले की कामही संपायचं. मग कुणी भाताच्या कापणीला जायची, कुणी वीटभट्टीवर. मूर्तीचे डोळे काढायच्या कामाला आमच्याकडे आखणी म्हणतात. ती करणाऱ्या मावशींचा हात गावात नावाजलेला, पण त्यांनाही वर्षाचे चार-पाच महिने दुसऱ्याच्या शेतावर राबावं लागायचं. या बायकांचा स्वतःचा कारखाना का नसावा, असं मला सारखं वाटायचं. नुसतं वाटून काही होत नव्हतं. आईचे गुडघे धरले होते आणि मला एका कंपनीत शिफ्टची नोकरी जवळजवळ ठरली होती.

तेवढ्यात एका संस्थेच्या फेलोशिपबद्दल कळलं. मी मुलाखतीला गेले, मनातलं सगळं सांगितलं आणि माझी निवड झाली. त्या पैशानं मोठं काही उभं राहणार नव्हतं, पण एक वर्ष नोकरी न करता घर चालणार होतं. पहिली शाडू माती, साचे आणि एका गाळ्याचं भाडं निघणार होतं. शिवाय संस्थेच्या एक ताई दर महिन्याला येऊन हिशेब कसा ठेवायचा, गट कसा सांभाळायचा, हे शिकवणार होत्या. माझ्यासारखीला कुणी असं वर्षभर हाताशी धरेल, हे मला खरंच वाटत नव्हतं.

गणपती झाल्यावर हळूहळू सुरुवात करायची, असं मी ठरवलं होतं. पण गाळा मिळाल्याचं कळलं आणि बायका ज्येष्ठातच, काकांचं काम अर्ध्यावर सोडून, येऊन बसल्या. मावशीही आल्या. मी त्यांना थांबा म्हटलं नाही. खरं तर मी हरखून गेले होते. काकांकडं जाऊन सांगायचं रोज मनात यायचं, रोज मी ते उद्यावर ढकलायची. बायका कुठं गेल्या ते शेवटी त्यांना कळलं माती आणणाऱ्या टेम्पोवाल्याकडून.

काका भांडायला आले नाहीत. त्यांच्या कारखान्यात मूर्ती रंगून उभ्या होत्या, पण बऱ्याच मूर्तींना डोळे नव्हते. त्यांचा स्वतःचा हात तेव्हा थरथरायला लागला होता. एक दिवस मावशी मला म्हणाल्या, "असे आंधळे देव ठेवून मला जेवन जात नाय गो." मग त्या दुपारच्या वेळी तिकडं जायला लागल्या आणि जमतील तेवढ्या मूर्तींची आखणी करून आल्या. सगळ्या झाल्या नाहीत. काकांच्या जुन्या व्यापाऱ्यांनी त्या वर्षी दुसरीकडून माल उचलला.

आमचा गाळा मात्र चालला. पहिल्या वर्षी कितीतरी मूर्तींना वाळताना तडे गेले, तरी चालला. बायका स्वतः भाव ठरवायला लागल्या, वर्षभर लहान मूर्ती आणि पणत्या करायला लागल्या. मावशींच्या सुनेनं वीटभट्टी कायमची सोडली. हे सगळं खरं आहे आणि मला त्याचा आनंद आहे. पण पुढच्या दोन हंगामांत काकांनी कारखाना बंद केला आणि ते रोह्याला लेकीकडं राहायला गेले.

मी त्यांना भेटायला गेले ती बऱ्याच वर्षांनी. लेकीनं चहा दिला. काकांनी शाडू कुठून आणता, पाऊस लागला की मूर्ती कशा वाळवता, असं सगळं विचारलं. मी माफीचं काही बोलायला लागले तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"बायका गेल्या ते बरंच झालं," ते म्हणाले. "त्यांचं भलं झालं. पण तू येऊन सांगायचंस गो. अर्धा कारखाना मीच दिला असता तुम्हाला. मला एकट्याला तो तेव्हाच झेपत नव्हता."

मी निघायला उठले. त्यांनी लेकीला मला कुंडलिका नदीच्या पुलापर्यंत सोडायला सांगितलं.

आता तीच संस्था मला नव्या मुलांच्या मुलाखतींना बोलावते. मागं रोह्याजवळच्या खांब गावची एक सून आली होती. गावातल्या बायकांचे वाल थेट मुंबईला विकायचे, असं तिच्या मनात होतं. गावचे वाल सध्या तिचे चुलत सासरेच घेऊन पुढं विकतात, हे तिनं बोलता बोलता सांगितलं. मी विचारलं, "त्यांना माहीत हाय का हे?" ती खाली बघून नाय म्हणाली. मी तिला म्हटलं, आधी त्यांच्याकडं जा, मग कामाला लाग.

तिची निवड झाली. नंतर तिचा फोन आला. चुलत सासरे तिला खूप बोलले होते आणि आता घरी येत नव्हते. तिचा आवाज रडवेला होता. मी तिला धीर दिला, तू बरोबर केलंस म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र मी कितीतरी वेळ गाळ्याच्या पायरीवर बसून राहिले. आत मावशी कुणाला तरी ब्रश कसा धरायचा ते सांगत होत्या.