माजी संघाचे गोलकीपर

गावाकडच्या आमच्या तालमीच्या फुटबॉल ग्रुपवर बातमी आली: रविवारी आजी विरुद्ध माजी खेळाडू, हरतील त्यांनी सगळ्यांना मटण करून घालायचं. फोटोत माजी संघाचे गोलकीपर दत्तूमामा, पोटावर ताणलेली जर्सी. इथं मस्कतला मी हसलो आणि पाठोपाठ धास्तावलो. मामांच्या हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालंय. शाळा अर्धवट सुटल्यावर मला वेल्डिंग शिकवून इथवर पोचवलं ते त्यांनीच.

आजी संघाच्या कॅप्टनला फोन लावला.

"निवांत रहा भावा. सगळे बॉल मामांच्या हातातच मारायचं ठरलंय. कांदाबी आम्हीच चिरणार. त्यांना तेवढं सांगू नकोस."

वेल्डिंग शिकवताना मामांनीही माझ्याकडं असाच अलगद बॉल टाकला असेल. मी मात्र स्वतःला पटाईत समजत आलो.

रविवारी व्हिडिओ कॉल लावला. पहिला बॉल सरळ हातात येत होता, तरी मामांनी झेप घेतलीच. धुळीतनं ते हसत उठेपर्यंत मी इथं उभाच होतो.