वेशीवरची हाक

जांबोटीच्या पुढे, जंगलात आमची शाळा. मी तिथे विज्ञान शिकवते, म्हणजे भुताखेतांना नाक मुरडायचा मला पगारी हक्कच आहे. दोन वर्षांपूर्वी जर्मनीची एक मुलगी स्वयंसेवक म्हणून शाळेत आली आणि चार महिने माझ्या घरी राहिली. सकाळी मुलांना इंग्रजी शिकवायची, उरलेला दिवस रानात हिंडायची. बस आली नाही की आम्ही करवादायचो, ही खूश व्हायची. धबधबा, मोर, करवंदीच्या जाळ्या, सगळ्यांचे फोटो काढत पायी निघायची. सणांचं तर विचारूच नका, आमच्याआधी हीच नटून तयार. तिच्या आईला मी फोनवर मोडक्यातोडक्या इंग्रजीत शब्द दिला होता, की तुमच्या लेकीला मी एकटं पडू देणार नाही.

भाताची मळणी आटपली की आमच्याकडे गाव सोडायचा दिवस येतो. सकाळी चुली विझवायच्या, दारं नुसती लोटायची आणि गुराढोरांसकट वेशीबाहेर जायचं. मग आंब्याखाली स्वयंपाक, गप्पा, झोपाळे. उन्हं कलेपर्यंत गाव आपलं नसतं. ज्यांचं असतं, त्यांचं नाव कुणी घेत नाही. तोवर आत जायचं नाही आणि वेशीवरून आत हाक मारायची नाही. हे सगळं मी त्या मुलीला हसत हसत सांगितलं होतं. हसले तिथेच चुकलं.

पानं वाढताना ती दिसेना. कॅमेरा घेऊन ती गावाकडे जाताना एका बाईने पाहिली होती. मी तरातरा वेशीच्या दगडापाशी गेले. भर दुपारचं ऊन होतं. पाचवं घर माझं, तिथून दिसतं. दार बंद. कुत्रं नाही, कोंबडं नाही, झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं. मागोमाग गावचा म्हातारा गुरव आला.

"आप्पा, पोरगी आत गेलीय. मी तिला घेऊन येते."

"जायाचं तर जावा बाई, पर गप जावा. हाक तेवढी मारू नगा. आत कोण ऐकंल, सांगता येत न्हाय."

मला जायचं होतं, पण पाय उचलेना. मुलांना वर्षानुवर्षं धीट व्हायला सांगणारी मी, दगडाच्या अलीकडे घामाने भिजून उभी राहिले. आणि घाबरून नेमकं नको तेच केलं.

"अगं, ये गं!" एकदाच ओरडले.

थोड्या वेळाने माझं दार उघडलं. ती बाहेर आली. एकटीच. रस्ता सगळा मोकळा असून कडेकडेने चालत होती. डावा हात अंगापासून जरा दूर, मूठ अर्धी मिटलेली, मोठ्या माणसाचं बोट धरलेल्या मुलासारखी. मधूनच त्या बाजूला वर बघून हसायची. दगड ओलांडला आणि तो हात सुटल्यासारखा खाली आला. गुरव माझ्याकडे न बघता निघून गेला.

"आक्का, सॉरी," ती पानावर बसल्यावर म्हणाली. "मी घाबरली. आतून दार उघडत नव्हतं. मग तू हाक मारली, दार उघडलं, हात धरला. तुझा हात लई थंड होता."

मी तिच्या पानात भात वाढला. दगडाच्या पुढे मी पाऊल टाकलं नव्हतं, हे सांगायला तोंड उघडलं नाही. तेव्हा लाज वाटली, भीती नंतर वाटली. आजही दोन्ही वाटतात.

ती परत गेल्यावर तिच्या आईचं पत्र आलं. लेकीने सगळं सांगितलं होतं. तुम्ही शब्द पाळलात, तुमचे उपकार विसरणार नाही, असं त्यात होतं. ते पत्र मी वर्षभर कपाटात ठेवलं, पण ते माझं नव्हतं. यंदा गाव सोडताना मी ते विझवलेल्या चुलीपाशी ठेवलं आणि दार लोटून घेतलं.