चुकलेल्या दोन सुया

दोन गर्भ तिसऱ्या महिन्याच्या आतच गेले, तेव्हा यजमान मला सोलापुरातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. बीज सुटलं की त्या जागी अंडाशयात एक पिवळी गाठ उरते. तिच्या रसानं गर्भाशयाचं अस्तर मऊ होतं, त्यात पोषणाचा पाझर सुटतो आणि गर्भ त्यात रुजतो. "तुझी गाठ लवकर सुकते. मग गर्भ कशाला धरून राहील?" मी मराठी सातवी झालेली. मला सगळं कळलं होतं, हे मुद्दाम सांगते.

तिसऱ्यांदा दिवस राहताच तशाच गाठीच्या अर्काची सुई सुरू झाली, दिवसाआड. तेलासारखं दाट औषध. टोचलेली जागा दोन दिवस ठणकायची. "डाग दिसला तर ती पाळी नव्हे. तशीच टांग्यात बसून ये," असं बाईंनी दोनदा बजावलं.

दुसऱ्या महिन्यात एका सकाळी भाकरी थापून उठले, तर लुगड्याला डाग. पीठ परातीत तसंच ठेवलं आणि मागच्या पडवीत घोंगडीवर जाऊन बसले. सासूबाई ज्वारीच्या सुगीला करकंबला गेलेल्या. घरात विटाळ बघणारं कुणीच नव्हतं. यजमान शाळामास्तर. त्यांनी दारातूनच विचारलं, "बाईंकडं जायचं का?"

"बाहेरची झालेय. शिवाशिव कशी करू? पाचव्या दिवशी न्हाऊन जाईन."

ते बरं म्हणाले आणि पिठलं करपवायला आत गेले. न्हाण आल्यापासून डाग म्हणजे बाहेर बसणं, एवढंच माझ्या अंगाला ठाऊक. दोन सुया चुकल्या. चौथ्या दिवशी सगळं गेलं. मला काहीच वाटलं नाही. मी घोंगडी धुऊन वाळत घातली.

पाचव्या दिवशी बाईंनी तपासलं. "सांगितलं होतं ना? कुणी अडवलं?"

"सासूबाईंनी," मी म्हणाले. यजमान शेजारीच उभे होते. 

बाईंनी सासूबाईंना घेऊन यायला सांगितलं; त्या गावाला गेल्यात, हे मी बोललेच नाही. सुगी आटपून त्या परतल्या, तेव्हा त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. बाकावरच्या बायकांदेखत बाईंनी खडसावलं, "तुमच्या विटाळापायी नातवंड घालवलंत!" सासूबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे बघत होते.

"व्हय बाई, चुकलं माजं," त्या म्हणाल्या. "परत न्हाय अडवायची."

 घरी येऊन त्यांनी पाय धुतले, पाणी प्यायल्या, मग म्हणाल्या, "खरं कुनाला सांगू नगंस. तुला अजून लई दिस नांदायचं हाय. मला काय, म्हातारीला कोन काय म्हननार?"

मी "बरं" म्हणाले. त्यांचे पाय धरावेत, एवढंही मला सुचलं नाही.