आप्पांचं नाक

आमच्या कंपनीत आत जाताना फोन गेटवर जमा करावा लागतो. कुरकुंभच्या केमिकल कंपन्यांत असे नियम असतातच, मला कधी त्याची अडचण वाटली नव्हती. त्या दिवशी दुपारी पहिली शिफ्ट सुटली, फोन हातात घेतला तर चुलतभाऊ संजयचे एकामागून एक मिस्ड कॉल. गेटबाहेरच्या उन्हात उभी राहून मी फोन लावला. आप्पा सकाळीच गेले होते. कांद्याच्या वखारीपाशी बसून चहा पीत होते, कप खाली ठेवला आणि तसेच कलंडले… एवढंच. म्हणजे मी लॅबमध्ये नमुने तपासत होते, मैत्रिणीच्या डब्यातली भेंडी मागून खात होते, तेव्हा आप्पा नव्हतेच. याचा मला अजून राग येतो. नियमाचा नाही, त्या भेंडीचा.

अंगावरच्या कपड्यांनिशीच निघाले. चौफुल्याला वळून, भीमेवरचा पूल ओलांडून वडगाव रासाईला पोचेपर्यंत डोक्यात एकच वेडा विचार होता, की माझ्या ओढणीला सॉल्व्हंटचा वास येतोय. मी अशी कामावरून परस्पर आले की आप्पा ओट्यावरूनच म्हणायचे, "आलं कुरकुंभ."

आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. वडील दौंडला रेल्वेत होते. शाळेला सुट्टी लागली की ते मला वडगावच्या मळ्यात आणून सोडत आणि जूनच्या तोंडावर न्यायला येत. त्या सुट्टीतले शेवटचे पंधरा-वीस दिवस म्हणजे माझं खरं वर्ष. तोवर कांदा वखारीत पडलेला असे, रानं नांगरून तापत पडलेली, ऊस तेवढा पाणी मागायचा. लाईट आली की मोटार सुरू होई आणि हौदात पडणाऱ्या पाण्याच्या धारेखाली मी आणि संजय ओठ निळे होईपर्यंत बसायचो. हौदातच कलिंगड बुडवून ठेवलेलं असे. दुपारी लिंबाखाली बाजा पडायच्या, कुणी कुणाला उठवायचं नाही असा अलिखित कायदा होता, आणि आप्पांच्या घोरण्याला तेवढी त्यातून सूट होती. दुपार कलली की काकू कैरीचं पन्हं करायची. या सगळ्यात विशेष असं काही नव्हतं, आणि तरी पुढं आयुष्यात हौसेनं ज्या चार ठिकाणी फिरून आले, त्यांतलं एकही मला इतकं तपशिलानं आठवत नाही.

आणि आंबे. आमच्या बांधावर गावठी आंब्याची सात झाडं आहेत, प्रत्येकाला नाव आहे. साखऱ्या, गोट्या, खोबऱ्या… आणि एक शेप्या. त्याच्या फळाला थेट शेपूच्या भाजीचा वास येतो. काहींना तो जिवापाड आवडतो, बाकीच्यांना पहिल्या घासालाच नको होतो. म्हणून शेप्या घरचा, पाहुण्यांना कधी द्यायचा नाही, हा आप्पांचा दंडक. मेच्या शेवटी आंबे उतरवले की कोठीच्या खोलीत गव्हाच्या काडावर त्यांची आढी घालायची, वरून पुन्हा काड, आणि मग खोलीचं दार लोटून वाट बघायची. आढी कधी उघडायची हे आप्पांचं नाक ठरवी. रोज सकाळी ते दारात उभे राहत, डोळे मिटून एक मोठा श्वास घेत आणि म्हणत, "अजून न्हाई." असं चार-पाच दिवस चाले. ज्या दिवशी ते काही न बोलता खाली बसून काड बाजूला सारू लागत, त्या दिवशी आम्ही पोरं ओरडत सुटायचो.

हे नाक वर्षभर कामाला असे. दुपारी शेतातून जेवायला येताना फाटकापाशी आले की तिथूनच ते काकूला सांगत, आज दोडका दिसतोय, किंवा आज वांग्यात कूट सढळ हातानं पडलंय. मग काकू आतून काहीतरी फणकारायची, पण चेहरा असा खुलायचा की बघत राहावं. काकूच्या हाताला विलक्षण चव होती आणि त्या घरात तसं तिला तोंडावर कधी कुणी म्हटलं नाही. आमच्या आजीनं तर नाहीच नाही. फाटकातून येणारी ती एक हाक, तेवढंच काय ते कौतुक.

कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी आप्पा तापानं पडले. उठले, हिंडूफिरू लागले, सगळं पहिल्यासारखं झालं असं आम्ही समजलो. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात संजयचे सासरे शिरूरहून आले होते. मीही रजा काढून गेले होते. आप्पांनी पाटीतला एक आंबा उचलला, नाकाशी नेला, आणि मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "साखऱ्या. घ्या, पाव्हणं." पाहुण्यांनी आंबा पिळून तोंडाला लावला आणि त्यांचा चेहरा पार कडवट झाला. शेप्या होता तो. काकू खो-खो हसली, मग सगळेच हसले, आप्पांनी व्याह्यांची गंमत केली म्हणून. आप्पाही हसले, पण त्यांनी तो चोखलेला आंबा हळूच उचलून दुसऱ्यांदा नाकाशी नेला, ते माझ्या एकटीच्या लक्षात आलं. आमच्या वडगावात जन्मलेलं आंधळं माणूससुद्धा शेप्याला साखऱ्या म्हणणार नाही.

संध्याकाळी बांधावर मी सरळच विचारलं. ते बराच वेळ ढेकूळ पायानं फोडत राहिले. मग म्हणाले, "तापात गेलं ते गेलं, नंदे. पार कोरडं. शेण न्हाई, आंबा न्हाई, काय बी न्हाई." डॉक्टरला दाखवलं का म्हटलं, तर एकटेच दौंडला जाऊन दाखवून आले होते. मी म्हटलं, मग घरात सांगा, यात लपवण्यासारखं काय आहे. तेव्हा ते माझ्याकडे वळले. आप्पांनी माझ्याकडे काही मागितल्याचं मला तोवर आठवत नव्हतं.

"तुझ्या काकूला सांगू नगं. वास न्हाई तिथं चव कुठली… तिला कळलं, तर मी चांगलं म्हंतो ते खोटंच वाटंल तिला. जल्माचं रांधलंय तिनं."

मग फाटकातून कालवण कसं ओळखता, हे मी विचारलं. ते चोरी पकडलेल्या पोरासारखे हसले. फाटकाशी एक घमेलं असायचं, त्यात म्हशीसाठी भाजीची देठं-साली टाकलेल्या असत. दोडक्याच्या शिरा दिसल्या की दोडका, वालाच्या शेंगांचे दोरे दिसले की वाल. एवढ्यावर त्या माणसानं वर्ष काढलं होतं.

तेव्हापासून दर मेअखेरीला मी न चुकता तीन-चार दिवस रजा टाकू लागले. सकाळी आम्ही दोघं कोठीच्या दारात उभे राहायचो. आप्पा डोळे मिटून मोठा श्वास घ्यायचे, तोही मी घेतल्यावर. वास पक्का आला असेल तर मी ओढणी सारखी करायची. डोळे उघडून ती खूण बघितली, की आप्पा खाली बसून काड सारायला लागायचे. दिवसभर लॅबमध्ये नाकाला मास्क लावणारी मी… पण त्या तीन-चार दिवसांत मला माझ्या नाकाचा जो अभिमान वाटे, तसा माझ्या डिग्रीचाही कधी वाटला नाही. काकू मागून म्हणायची, बघा, अजून नाक तसंच तिखट आहे. मला फार अपराधी वाटायचं. तिच्याशी मी आयुष्यात दुसरं काही लपवलेलं नाही.

यंदा आप्पांच्या तेराव्यानंतर काकूनंच आंबे उतरवायला सांगितले. झाडाला ठेवून काय करायचं, म्हणाली. संजयनं आढी घातली. मी रजा वाढवून थांबले. चौथ्या दिवशी दारात उभी राहिले आणि वास आला, घमघमीत, पण खाली बसून काड सारायचा धीर होईना. काकूच पुढं झाली. तिनं एक साखऱ्या काढला, पदराला पुसला आणि आप्पांच्या फोटोपुढं ठेवला. दोघी तिथंच बसून रडलो.

दुपारी तिनं शेपू निवडला. स्वयंपाकघराचं मागचं दार थेट गोठ्यात उघडतं, म्हैस तिथून चार पावलांवर. काकूनं देठं ताटात घेतली आणि भर उन्हात पुढचं अंगण ओलांडून फाटकाकडं निघाली. पायात चप्पल नाही, दोन ठिकाणी पाय उचलून उभी राहिली. मी बघत राहिले. मला इतकी वर्षं सुचलं नव्हतं, की म्हशीचं घमेलं म्हशीजवळ सोडून फाटकाशी कशाला.

मी मागोमाग गेले. तिला काही विचारायची गरज पडली नाही, माझ्या तोंडावरूनच तिला समजलं असावं.

"ताप गेला त्याच महिन्यात कळलं मला," ती म्हणाली. "दूध करपून घरभर वास झाला, आन् हे शेजारीच बसून पेपर वाचत हुते. दुसऱ्या दिवशी घमेलं हिकडं आणलं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? बोलले असते तर फाटकातनं हाक मारायची थांबली असती त्यांची." मग अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "मला ठावं हाय असं त्यांना कळलं हुतं का गं कवा?"

"नाही," मी म्हटलं. "शेवटपर्यंत नाही."

"बरं झालं."

तिनं ताट घमेल्यात रिकामं केलं. मग वाकून शेपूची देठं हातानं वर केली, येणाऱ्याला लांबून दिसतील अशी. एकदा बांधाच्या वाटेकडं बघितलं आणि म्हणाली, "चल, वाढते."