सोळा रविवारांचे पत्र

परळच्या आमच्या मंडळीत शास्त्रवाचनाचा एक नियम होता: दर रविवारी एक अध्याय, पुरता आणि क्रमाने. अध्याय मध्येच सोडायचा नाही, दोन एकदम घ्यायचे नाहीत, पुढचे आधी वाचून दाखवायचे नाही. हा नियम मिशनने घातलेला नव्हता. मंडळीतली बहुतेक घरे रत्नागिरीकडून गिरणीत कामाला आलेली होती आणि लहानपणी त्यांनी गावच्या देवळात श्रावणात पोथी ऐकली होती. बाप्तिस्मा झाला, तरी ऐकण्याची रीत तीच राहिली. पुस्तक लाल फडक्यात बांधलेले असे. वाचन संपले की ते पुन्हा बांधून फळीवर ठेवीत.

वाचक मी होतो. गिरगावातल्या एका साप्ताहिकाच्या छापखान्यात मी मुद्रिते तपाशीत असे. मंडळीत सर्वांत नवा मीच, आणि गिरणीबाहेरचाही मी एकटाच. उच्चार स्वच्छ म्हणून वाचन माझ्याकडे आले. ते सोपवताना मंडळीच्या वडिलांनी अट घातली. वडील हा त्यांचा हुद्दा. वय चाळिशीचे, काम गिरणीत फिटरचे. पाळक त्या वर्षी आजारपणामुळे नगरला होते, त्यामुळे वडिलांचा शब्द शेवटचा असे. ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही शिकलेले. शिकलेला माणूस हवं ते वाचतो, नको ते गाळतो. आमच्यात तसं नको. तुम्ही वाचा, अर्थ आम्ही बघू." मी कबूल झालो.

प्लेगाच्या वर्षी, पावसाळ्याच्या अखेरीस, करिंथच्या मंडळीला प्रेषिताने लिहिलेले पहिले पत्र वाचायला निघाले. करिंथ हे बंदर. तिथे खलाशी, व्यापारी, पुष्कळ देवळे, आणि या सगळ्यात चार-पाच वर्षांची एक लहान मंडळी, आपसांत भांडणारी. प्रेषित तिथून पुढच्या गावी गेलेला. कानावर आलेल्या गोष्टींना आणि त्यांनी विचारलेल्या प्रश्नांना तो दुरून उत्तरे देतो. प्रश्न आपल्याजवळ नाहीत, उत्तरेच आहेत. वडिलांनी समजावले की करिंथ म्हणजे आपली मुंबईच. हे सर्वांना पटले. मात्र पत्राचे सोळा अध्याय होते, म्हणून ते सोळा रविवार चालणार होते, आणि यात काही विपरीत आहे असे कुणालाही वाटले नाही. त्या दिवशी मलाही वाटले नाही.

पाचवा अध्याय गौरी-गणपतीनंतरच्या रविवारी आला. त्याच आठवड्यात एक गोष्ट घडली होती. आम्ही ज्या चाळीत तळमजल्यावर जमत असू, तिच्या पहिल्या मजल्यावर राहणारा, मंडळीतला एक विणकर लालबागला भावाच्या खोलीवर गेला होता. आई भावाकडे असे. ती जुन्या धर्मातच राहिली होती. मुलगा जेवल्याशिवाय सणाच्या दिवशी जेवणार नाही, असा निरोप तिने पाठवला. भावाने त्याला पंक्तीत घेतले नाही. दाराबाहेर पत्रावळ मांडली, वरून वाढले. नैवेद्याचे मोदक होते. तो जेवला, पत्रावळ स्वतः उचलून टाकून आला. मग आई जेवली. घरी परतल्यावर त्याने हे लपवले नाही.

पाचव्या अध्यायात करिंथच्या एका माणसाची गोष्ट आहे. त्याने बापाच्या बायकोशी संबंध ठेवला होता. प्रेषित लिहितो की अशाला आपल्यातून काढा. आणि पुढे मूर्तिपूजक, दारुडे, लुबाडणारे यांची नावे घेऊन सांगतो की मंडळीतला म्हणवणारा कोणी असा असेल तर त्याच्यासोबत जेवूही नका. मी पुस्तक बंद केले तेव्हा खोलीतले सगळे विणकराकडे बघत होते. सणाच्या आठवड्यात नेमका हाच अध्याय यावा, याचा अर्थ त्यांनी पोथीच्या रीतीने लावला. आज निघाले ते आजच्यासाठीच निघाले.

निर्णयाला अर्धा तासही लागला नाही. प्रभूच्या मेजावर, म्हणजे उपासनेतल्या भाकरी-द्राक्षारसाला, त्याला जागा नाही, महिन्याच्या सहभोजनात नाही, आणि मजल्यावरची मंडळीतली पाच घरे त्याच्याकडचे पाणी घेणार नाहीत. याला गावाकडे एक शब्द आहे. तो कुणी उच्चारला नाही. बायकोला मंडळीने काढले नव्हते. ती आपणहून नवऱ्याबरोबर उठली.

संपादकाला आलेले पत्र सहीपर्यंत वाचल्याशिवाय खिळे जुळवायला द्यायचे नाही, असा आमच्या छापखान्यातला दंडक होता. दुसऱ्या दिवशी, सोमवारी दुपारी, मी करिंथची दोन्ही पत्रे एका बैठकीत वाचली. फार वेळ लागला नाही. दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित एका शिक्षा झालेल्या माणसाबद्दल लिहितो, बहुधा त्याच माणसाबद्दल. म्हणतो, पुष्कळांनी मिळून केलेली शिक्षा पुरे झाली. आता त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. मी रविवार मोजले. तो अध्याय यायला तेरा रविवार होते.

मी कुणाला सांगितले नाही. दिलेला शब्द हे एक कारण होते. दुसरे असे की, शिकलेला माणूस आला आणि लगेच नियम मोडू लागला, हे मला ऐकायचे नव्हते.

विणकर दर रविवारी खाली येई आणि दाराबाहेरच्या जिन्यावर बसून ऐके. बायको एक पायरी वर बसे. सहावा झाला, सातवा झाला. आठव्यात मूर्तींपुढे ठेवलेल्या अन्नाचाच विषय निघाला. मला वाटले, आता सुटेल. पण मंडळीतल्या कच्च्या विश्वासाच्या भावाला ठेच लागेल असे काही खाऊ नये, एवढेच वडिलांनी त्यातून घेतले, आणि ते विणकराविरुद्ध गेले. त्या दिवशी मी बाहेर पडताना विणकराने मला थांबवले. त्याला वाचता येत नव्हते.

"मास्तर, पुढं अजून बरंच आहे का त्या पत्रात?"

मी हो म्हणालो.

"आमच्यासारख्याचं काय आहे का त्यात?"

"क्रमाने येईल," मी म्हणालो.

मांडवीकडून तापाच्या बातम्या येऊ लागल्या होत्या. त्यांची मुद्रिते माझ्याच हाताखालून जात. भायखळा झाला, मग परळ. चाळींतली माणसे बोचकी बांधून कोकणच्या आगबोटींवर जाऊ लागली. कोणाच्या घरात गाठ आली की शेजारी दार लावून घेत. मंडळीतही तसेच होऊ लागले. फरक इतकाच की विणकराच्या दारापुरते आमच्याकडे शास्त्राचे कारण होते. तेरावा अध्याय प्रीतीचा. तो वाचताना दोन बायका रडल्या. जिन्यावर दोघे बसलेले होते.

पुढच्या रविवारी जिना रिकामा होता. मी विचारले. एका बाईने सांगितले की विणकराच्या बायकोला गुरुवारपासून ताप आहे, काखेत गाठ आहे. वर कोणी पाणी नेऊन दिले का, असे मी विचारले. मग वडील म्हणाले की नळाला पाणी सकाळीच येते, त्या वेळी तो गिरणीत असतो; त्याने रजा घ्यायला हवी होती. बोलताना ते फडक्याची गाठ सोडीत होते. त्यांनी पुस्तक माझ्यापुढे ठेवले.

"चौदावा," ते म्हणाले.

मी सांगितले की आज चौदावा नाही, दुसऱ्या पत्रातला दुसरा वाचणार आहे.

"मास्तर, शब्द दिला होतात."

"दिला होता. पण ही पोथी नव्हे, वडील, पत्र आहे. गावाहून पत्र आलं, तर एक पान आज आणि दुसरं पुढच्या रविवारी, असं वाचता का तुम्ही?"

मागच्या बाजूने एक म्हातारी म्हणाली, "आमी कशाला वाचतो? वाचणारा वाचंल तेवढंच आमचं पत्र."

दोघेतिघे हसले. मी वाचले. अध्याय लहान आहे. संपल्यावर वडिलांनी विचारले की हा तोच माणूस का. मी म्हणालो, बहुधा. पत्रात नाव नाही.

"बहुधा," वडील म्हणाले.

"तोच असंल नाहीतर दुसरा," म्हातारी म्हणाली. "त्यानं तर बापाची बायको ठेवलीवती. आमचा नुसता जेवला."

वडिलांची बायको उठली. कोपऱ्यातली कळशी तिने कमरेवर घेतली आणि कुणाला न विचारता जिना चढली. तिच्यामागून आणखी दोघी गेल्या. मग वडीलही गेले. मी सर्वांच्या शेवटी गेलो. खोलीत विणकर बायकोच्या उशाशी बसला होता. त्याने आमच्याकडे पाहिले आणि भिंतीला सरकून जागा केली. ती शुद्धीवर होती. वडिलांच्या बायकोच्या हातचे पाणी ती दोनदा प्यायली.

मंगळवारी सकाळी ती गेली. शिवडीच्या दफनभूमीत खांदा द्यायला चौघे होते, सगळे मंडळीतले, एक वडील. रोगाची सबब कुणी सांगितली नाही. परत येताना विणकर माझ्या बाजूने चालू लागला. वाटेतल्या लाकडाच्या वखारी आल्यावर त्याने विचारले.

"ते रविवारी वाचलंत, ते पुढं आहे हे तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?"

"पाचवा वाचला, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"ती रोज विचारायची," तो म्हणाला. "मास्तरांना विचारा ना, पुढं काय आहे. मी सांगायचो, विचारलं. क्रमाने येईल म्हणाले."

त्याच आठवड्यात आईला घेऊन तो गावी गेला. भाऊ आधीच गावी निघून गेला होता. नाताळापर्यंत मंडळीची निम्मी घरे बंद होती आणि वाचन थांबले होते. वडील एकदा गिरगावात छापखान्यात आले. विणकराच्या नावे मंडळीतर्फे पत्र लिहायचे होते. गावात पोस्टमास्तर वाचून दाखवील, असे ते म्हणाले. त्यांनी सांगितले ते मी लिहिले: चुकलो ते आम्ही, तुझी जागा आहे, येशील तेव्हा ये. तीनच ओळी झाल्या. खाली त्यांनी सही केली. त्यांना तेवढीच येत होती. मी विचारले, माझ्या दोन ओळी याच कागदावर घालू का.

"नको," वडील म्हणाले. "तुमचं तुम्ही वेगळं लिहा."

ते पत्र मी त्याच दिवशी टपालात टाकले. माझे लिहायला मी तीनदा बसलो. प्रत्येक वेळी पहिले वाक्य दिलेल्या शब्दाबद्दल निघाले, आणि तिन्ही वेळा कागद फाडला. चौथ्यांदा बसलो नाही.